मुंबईची हवा आणि आपली मुले

(संस्थेच्या पालक मेळाव्यात आसेगाव येथे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे विस्ताराने लिहून दिले आहे.)



आजच्या भाषणाचा विषय मुंबईची हवा हा आहे, असे कळल्यावर आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आसेगाव कोठे आणि मुंबई कोठे! शिवाय बोलणारा मी बी.ए., बी.एड्. झालेला भूगोलाचा साधा शिक्षक. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा पदवीधरही नाही. पण एक प्रश्न विचारतो. येथे बसलेल्या पालकांपैकी किती जणांच्या घरातले कोणी ना कोणी मुंबईला, भिवंडीला किंवा पुण्याला कामाला आहे? पाहा, किती हात वर झाले. आपण कापूस आणि सोयाबीन बाजारात पाठवतो, त्याच रस्त्याने आपली मुलेही शहरात पाठवतो. कापसाला काय भाव मिळेल ह्याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. मुलगा तेथे कोणती हवा छातीत घेणार आहे, ह्याची चौकशी मात्र आपण कधी करीत नाही. मीही केली नव्हती.

माझे थोरले भाई सन २००४ मध्ये मुंबईला गेले. तेव्हा मी नववीत होतो. एका बेकरीत त्यांना भट्टीवर काम मिळाले. मध्यरात्री भट्टी पेटवायची, पहाटेपर्यंत पावाच्या लाद्या काढायच्या, दुपारी त्याच जागेत पोटमाळ्यावर झोपायचे. भट्टीत लाकूड जाळत. ते लाकूड रानातले नसे. मोडलेल्या खोक्यांच्या फळ्या, जुन्या फर्निचरचे तुकडे, रंग लावलेले, वार्निश चढवलेले, जे स्वस्तात मिळेल ते. त्या भट्टीच्या पैशावर माझे बी.ए. झाले. पुढे बी.एड्.ला असताना भाईंनी एकदा फोनवर सांगितले, "खोकला जात नाही रे, रात्री दम लागतो." मी त्यांना काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "भाई, एवढे बी.एड्. होऊ द्या, मग बघू." हे वाक्य मी आज आपल्यासमोर मुद्दाम सांगत आहे. शिकलेल्या माणसाचे अज्ञान कसे असते ते त्यावरून कळावे.

आज भाई गावातच आहेत, लहानसे किराणा दुकान चालवतात. डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला, "बिडी किती ओढता?" भाईंनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. त्यांच्या छातीत नेमका कोणाचा किती धूर गेला, भट्टीचा किती, रस्त्याचा किती आणि लहानपणी आमच्याच चुलीचा किती, हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण त्यानंतर मी ह्या विषयाचे जे मिळेल ते वाचू लागलो. त्याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

गिरण्यांचा धूर

मुंबईत कापड गिरणी काढण्यासाठी कावसजी दावर यांनी सन १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा ह्या भागांत चिमण्यांचे रान उभे राहिले. गिरण्या वाफेवर चालत आणि वाफ कोळशावर होई. धूर इतका वाढला की इंग्रज सरकारला कायदा करावा लागला. बंगालमध्ये सन १९०५ मध्ये आणि मुंबईत सन १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. म्हणजे हवेच्या प्रदूषणाची ओरड ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या पणजोबांच्या काळापासून ती चालत आलेली आहे.

पण कायद्यापेक्षाही एका दुसऱ्या गोष्टीचा उपयोग झाला. सन १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. सह्याद्रीच्या घाटात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर ती वीज तयार होई. जसजशा गिरण्या विजेवर गेल्या, तसतशी कोळशाची गरज कमी होत गेली. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी धावली आणि उपनगरी गाड्यांचा धूरही हळूहळू गेला. ह्या काळात गिरणी चालू राहिली, कामगाराचा पगार चालू राहिला आणि धूर मात्र कमी झाला. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

चेंबूरचे दिवस

स्वातंत्र्यानंतर देशाला तेल, खत आणि वीज हवी होती. चेंबूर आणि तुर्भे (ट्रॉम्बे) ह्या भागात १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने आले, औष्णिक वीजकेंद्र आले आणि १९६० च्या दशकात खताचा कारखाना आला. देशाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण तेल आणि कोळशात गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड नावाचा वायू होतो. हा वायू नाकात झोंबतो, घसा खवखवतो आणि दमेकऱ्याचा दमा वाढतो. लोक चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणू लागले.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी लालबाग, चेंबूर आणि खार ह्या मुंबईतल्या तीन वस्त्या आणि तुलनेसाठी एक खेडे निवडून लोकांच्या छातीची तपासणी केली. शहरातल्या दूषित वस्त्यांत खोकला आणि धाप लागणे यांचे प्रमाण खेड्यापेक्षा जास्त आढळले. आपल्याकडे हवा आणि आजार यांचा संबंध मोजून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक महत्त्वाचे काम होय.

त्याच सुमारास मोजमापाची व्यवस्थाही उभी राहत होती, आणि आपल्या विदर्भाला अभिमान वाटावा असा तिचा एक भाग आहे. नागपूर येथे सन १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज 'नीरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने सन १९७८ पासून देशातल्या दहा शहरांची हवा नियमित मोजण्यास सुरुवात केली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ सन १९७० मध्ये स्थापन झाले होते. सन १९८१ मध्ये हवेच्या प्रदूषणाविषयीचा केंद्राचा कायदा आला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे विषारी वायूने हजारो माणसे मेली, तेव्हा कोठे देश हादरला आणि सन १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला.

हवा सुधारण्याच्या दोन वाटा

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप पगार आणि बोनस यांसाठी होता, हवेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि लाखावर कामगारांच्या घरांवर संकट कोसळले. गिरणगावच्या उरल्यासुरल्या चिमण्यांचा धूरही थांबला.

आता पाहा, सन १९१५ मध्ये विजेमुळे धूर कमी झाला आणि १९८२ नंतर गिरण्या बंद पडल्यामुळे धूर कमी झाला. दोन्ही वेळा हवेचा आकडा खाली आला असेल. पहिल्या वेळी मात्र चुलीतले सरपण बदलले आणि चूल चालू राहिली. दुसऱ्या वेळी चूलच विझली. हवेचा इतिहास वाचताना नुसता आकडा पाहू नये, तो कोणत्या वाटेने खाली आला हेही विचारावे, असे मला वाटते.

गाडीचा धूर

१९९० नंतर मुंबईत गाड्या फार वाढल्या. कारखान्यांच्या चिमण्यांची जागा गाड्यांच्या नळकांड्यांनी घेतली. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. शिशाचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. मूल वरून धडधाकट दिसते, पण त्याचे लक्ष लागत नाही, शिकण्याची शक्ती कमी होते. आम्हां शिक्षकांच्या दृष्टीने ह्याहून मोठा शत्रू कोणता असणार? १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले. ही आपल्या देशाने मिळवलेली फार मोठी जीत आहे, पण तिची वाच्यता फारशी होत नाही.

त्याच सुमारास मुंबईच्या धुराने त्रासलेल्या नागरिकांनी उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने समिती नेमली आणि जुन्या टॅक्सी एक तर रस्त्यावरून काढाव्यात किंवा सी.एन.जी.वर चालवाव्यात असे आदेश दिले. टॅक्सीवाल्यांत आपले कितीतरी बांधव होते. सुरुवातीला त्यांना धास्ती वाटली. पण सी.एन.जी. पेट्रोलपेक्षा स्वस्त पडू लागला आणि टॅक्सी चालूच राहिल्या. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी सन २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होत्या.

डिझेलमधले गंधकही टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर असे इंधन आले की त्यात दहा लाख भागांत फक्त १० भाग गंधक असते. त्याच्या आधीच्या इंधनात ते ५० भाग होते आणि त्याही आधी कितीतरी पट जास्त. ह्या सर्वांचा परिणाम म्हणून, ज्या सल्फर डायऑक्साइडने चेंबूरकरांचे डोळे झोंबत, त्याचे मुंबईतले वार्षिक प्रमाण गेली कित्येक वर्षे ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे. म्हणून 'हवा दिवसेंदिवस बिघडतच चालली आहे' असे जे सरसकट बोलले जाते, ते पूर्ण खरे नाही. काही विषे खरोखरच कमी झाली. माणसांनी ती मोजली, भांडून कमी करवून घेतली, म्हणून ती कमी झाली.

धुळीचा काळ

मग आज अडचण कसली? आज अडचण धुळीच्या बारीक कणांची आहे. विद्यार्थी मित्रहो, ह्या कणांची दोन मापे लक्षात ठेवा. एक पी.एम. १० आणि दुसरे पी.एम. २.५. हे आकडे मायक्रॉनचे आहेत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पी.एम. २.५ चा कण केसाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाहूनही बारीक. मोठी धूळ नाकात अडकते, शिंक येते, रुमाल काळा होतो. हा बारीक कण मात्र फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि तेथून रक्तात उतरतो. त्यामुळे दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो.

हे कण येतात कोठून? बांधकामातून, उखडलेल्या रस्त्यांवरून, गाड्यांतून, कारखान्यांतून, कचरा जाळण्यातून आणि लाकडा-कोळशाच्या भट्ट्यांतून. जुन्या गिरण्यांच्या जागी मुंबईत आज टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणखी उभ्या राहत आहेत. सन २०१६ च्या जानेवारी महिन्यात देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली. धुराने आजूबाजूच्या वस्त्या भरून गेल्या आणि त्या भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आमच्यासारख्यांना त्यात एक गोष्ट विशेष जाणवते. कचराभूमीच्या कडेला आणि कारखान्यांच्या कुंपणाला लागून कोणाची घरे असतात? गरिबांची. माहुल येथे इतर ठिकाणांहून हलवून आणलेल्या गरीब कुटुंबांना वसवले होते. तेथील हवेपासून आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये नमूद केले. शहराची हवा एकच असली, तरी ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

मुंबईला समुद्राचा मोठा आधार आहे. दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि घाण हवा झाडून नेतो. पावसाळ्यात पाऊस हवा धुऊन काढतो. पण हिवाळ्यात वारा मंदावतो, जमिनीजवळची हवा थंड आणि जड होऊन बसते आणि धूळ-धूर तेथेच कोंडला जातो. सन २०२२ च्या आणि २०२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी बिघडली की काही दिवशी तिची तुलना दिल्लीशी होऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने नियम केले. एक एकराहून मोठ्या बांधकामाभोवती ३५ फूट आणि त्याहून लहान बांधकामाभोवती २५ फूट उंचीचे पत्रे लावावेत, पाणी मारावे, राडारोडा झाकून न्यावा. त्या वर्षी दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच मुभा देण्यात आली.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या हवेतील पी.एम. १० हे सन २०१७-१८ च्या मानाने २०२४-२५ मध्ये ४० टक्क्यांहून अधिक घटले, असे सरकारी आकडे सांगतात. ही समाधानाची गोष्ट आहे. पण घटूनही ते आपल्या देशाने ठरवलेल्या वार्षिक ६० मायक्रोग्रॅमच्या वरच आहे. पी.एम. २.५ साठी आपली वार्षिक मर्यादा ४० आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने सन २०२१ पासून ती ५ वर आणली आहे. म्हणजे आपल्या परीक्षेत पास झालेली हवाही जगाच्या परीक्षेत नापास होऊ शकते.

भट्टीचा प्रश्न

आता माझ्या भाईंच्या भट्टीकडे येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या व तंदूर-भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर न्याव्यात. ह्या व्यवसायात आपल्या समाजाचे लोक फार आहेत, मालकही आणि कामगारही. त्यामुळे आपल्या मोहल्ल्यातही ह्या आदेशाची चर्चा झाली. कोणी म्हणाले, मोठ्या बिल्डरांना सोडून पाववाल्याला धरले. कोणी म्हणाले, लाकडाच्या भट्टीची चव गॅसला येणार नाही.

मी भाईंना विचारले, "तुमचे काय मत?" ते म्हणाले, "पाव खाणारा दोन मिनिटे चव घेतो. भट्टीसमोर उभा राहणारा रात्रभर धूर घेतो. भट्टी बदलली पाहिजे. पण बदलताना पोराची रोजी जाऊ नये." ह्यापेक्षा चांगला निकाल मला तरी सुचला नाही. भट्टी बदलायला पैसा लागतो, जागा लागते, गॅसची नळी दारापर्यंत यावी लागते. मोठा मालक ते करील. लहान बेकरीवाल्याला कर्ज आणि मदत मिळाली नाही, तर तो शटर खाली ओढील, आणि मग ती १९८२ नंतरच्या गिरणीचीच वाट होईल.

लंडनचे उदाहरण पाहा. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे पाच दिवस धुक्यात कोळशाचा धूर कोंडला आणि हजारो माणसे मेली. सन १९५६ मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या कायद्याने घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांवर बंधन घातले, पण शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी तिजोरीतून देण्याची तरतूदही केली. नुसती बंदी घालून ते थांबले नाहीत. आपल्या बेकरीवाल्यांनी न्यायालयावर चिडण्यापेक्षा संघटित होऊन ही मागणी करावी, असे माझे नम्र मत आहे.

आपले वऱ्हाड, आपले गाव

पालकहो, मुंबईचे एवढे ऐकल्यावर आपली हवा शुद्ध आहे असे समजून निश्चिंत होऊ नका. सन २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक प्रदूषणाची क्रमवारी लावली, तेव्हा आपल्या विदर्भातले चंद्रपूर देशात चौथ्या क्रमांकावर होते. स्वच्छ हवा कार्यक्रमात सुधारणेसाठी निवडलेल्या शहरांत आपल्या शेजारचे अकोला आहे, अमरावती आहे. ही यादी चांगल्या शहरांची नाही, हे सांगायला नको.

आणि आपले आसेगाव? आपल्याकडे हवा मोजण्याचे यंत्र नाही. पण डोळे आहेत. हिवाळ्यात सूर्योदयाच्या वेळी गावाबाहेर शेतात उभे राहा आणि गावाकडे पाहा. घराघरांतला धूर छपरांच्या वर पसरून तेथेच थांबलेला दिसेल. उन्हाळ्यात शेताचे धुरे पेटवले जातात, कचऱ्यात प्लॅस्टिक जाळले जाते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे चूल. पऱ्हाटी, तुराट्या आणि गोवऱ्या यांच्यावर आमच्या अम्मीने तीस वर्षे भाकरी भाजल्या. बंद खोलीत, लहानसा झरोका, पाठीशी खेळणारे मूल. ते मूल मीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातल्या अशा धुरामुळे सन २०२० मध्ये जगात ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले फार.

सन २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघर गॅस आला, हे खरे. पण सिलिंडर संपले की पुढचे भरायला पैसे नसतात, मग पुन्हा पऱ्हाटी पेटते. मी त्याबद्दल कोणाला दोष देणार नाही. एवढेच सांगतो की, मोबाइलचे रिचार्ज आणि गॅसचे सिलिंडर यांत निवड करायची वेळ आली, तर आधी घरातल्या बाईच्या छातीचा विचार करा. आणि चूल पेटवणे भागच असेल, तर ती उघड्यावर, पडवीत पेटवा आणि मुलाला जवळ बसवू नका.

आपण काय करावे

उपदेश लांबवत नाही. चार गोष्टी सांगतो.

पहिली, मुलगा शहरात कामाला जात असेल तर पगाराबरोबर कामाच्या जागेची चौकशी करा. भट्टी कशावर चालते? झोपायची जागा कामाच्या खोलीत आहे की वेगळी? धूर बाहेर जायला चिमणी आहे का? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला तर त्याला सुट्टी काढून डॉक्टरांकडे जायला सांगा. 'मग बघू' म्हणू नका. ते मी एकदा म्हणून चुकलो आहे.

दुसरी, विद्यार्थ्यांनो, हवेचा निर्देशांक वाचायला शिका. सन २०१५ पासून देशात तो जाहीर होतो. ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट आणि त्यापुढे गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' नावाच्या ॲपवर तो मोबाइलवर दिसतो. आमच्या वर्गात आम्ही आता रोज फळ्याच्या कोपऱ्यात मुंबई आणि नागपूर यांचा आकडा लिहितो, महिन्याच्या शेवटी आलेख काढतो. दिवाळीनंतर रेघ वर चढताना आणि जूनमध्ये खाली उतरताना मुलांनी स्वतःच्या हाताने काढली. भूगोलाचा धडा ह्याहून चांगला कसा शिकवावा?

तिसरी, शाळेच्या आवारात आणि गावात प्लॅस्टिक जाळणे बंद करू या. शेताच्या धुऱ्यावरचा पालापाचोळा जाळण्याऐवजी खड्ड्यात कुजवू या. ह्याला कोणाच्या आदेशाची गरज नाही.

चौथी गोष्ट माझ्या मनाच्या सर्वांत जवळची. मुंबईची हवा ज्या ज्या वेळी सुधारली, त्या त्या वेळी तिच्यामागे शिकलेली माणसे होती. कोणी वीज आणली, कोणी छाती तपासून आकडे लिहिले, कोणी न्यायालयात अर्ज केला, कोणी इंधनातून शिसे आणि गंधक काढण्याचे काम केले. आपल्या मुलांनी भट्टीसमोर उभे राहण्यात कमीपणा नाही. ती इमानाची रोजी आहे. पण धूर मोजणारे, धूर नसलेली भट्टी तयार करणारे आणि कामगाराची बाजू न्यायालयात मांडणारेही आपल्यातून निघाले पाहिजेत. त्यासाठी मुलांना, आणि हो, मुलींनाही, दहावीनंतर शाळेतून काढू नका. विज्ञानाला घाला, आय.टी.आय.ला घाला, कायद्याला घाला.

माझ्या भाईंचा मोठा मुलगा आज आपल्याच शाळेत दहावीत आहे. तो येथेच मागच्या रांगेत बसला आहे. गेल्या महिन्यात तो म्हणाला, "चाचा, परीक्षा झाली की मी मुंबईला जातो, अब्बूंच्या ओळखीच्या बेकरीत काम आहे." मी त्याला जाऊ नको असे म्हणालो नाही. त्याच्या घरची गरज मला माहीत आहे आणि त्याच घराच्या पैशावर मी शिकलो. मी त्याला एवढेच सांगितले, "बेटा, अकरावी-बारावीची दोन वर्षे माझ्याकडे राहून शीक. खर्च माझा. तुझ्या अब्बूंनी मला जे दिले, ते मला तुला परत द्यायचे आहे." त्याने अजून उत्तर दिलेले नाही. भाईही काही बोललेले नाहीत. आज ते दोघेही येथे आहेत, म्हणून आपल्या सर्वांच्या साक्षीने तेच पुन्हा सांगतो.



जय हिंद, जय महाराष्ट्र.